सहा इंचांची पायरी

आई ज्या पायरीवरून पडली ती सहा इंचांची होती. आमच्या कोथरूडच्या घरात संडास आणि बाथरूम शेजारीशेजारी पण वेगवेगळे, आणि संडासाची फरशी बाहेरच्या पॅसेजपेक्षा एक पायरी वर. इमारत १९९१ सालची. भारतीय पद्धतीचं भांडं आणि त्याखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा वळणाचा पाइप, मावावा म्हणून तेव्हा अशी पायरी सर्रास ठेवायचे. बत्तीस वर्षं आम्ही त्या पायरीवरून चढलो-उतरलो. मार्च २०२३ मध्ये एका पहाटे आईचा तिथे तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, वॉकर आला, वॉकरची काठी झाली. तरी संडासाला जाताना त्या पायरीपाशी कुणीतरी हात धरायला लागायचंच. जुलैत तिला लघवीचा संसर्ग झाला, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दिवसाला पाणी किती पिता?" आई गप्प. घरी आल्यावर म्हणाली, "रात्री तुम्हाला उठवायला नको वाटतं गं." संध्याकाळी सहानंतर तिने पाणी पिणंच सोडलं होतं. घराचं काम काढायचं, हे त्या दिवशी ठरलं.

सुरुवातीला ठरलं होतं फक्त संडास-बाथरूमचं. पण जुन्या घरात एक वीट हलवली की शेजारची आपोआप हलते. बाथरूमचे पाइप बदलायचे तर ते स्वयंपाकघराच्या भिंतीतून येतात, म्हणजे ओट्यामागची फरशी फुटणार. ती फुटणारच आहे तर ओटाही आत्ताच. पाइपांसाठी भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, पडणारच आहेत तर वायरिंगही. असं करत महिनाभरात यादी वहीच्या अकरा पानांवर गेली. मग आम्ही दोघांनी बसून त्यातली चार पानं खोडली. बाहेरच्या खोलीचं फॉल्स सीलिंग, टीव्हीमागचं पॅनेल आणि नवे सोफे गेले. आईला लागणाऱ्या, आणि भिंतीत किंवा फरशीखाली गाडल्या जाणाऱ्या गोष्टी राहिल्या. काम निम्म्यावर आलं आणि पैसे संपत चालले तेव्हा या खोडलेल्या चार पानांनीच आम्हाला तारलं.

दर मागवले तीन ठिकाणी. एकाने चौरस फुटाचा एकच आकडा दिला. दुसऱ्याने मजुरी वेगळी लिहिली आणि माल आमच्यावर सोडला. तिसऱ्याने सगळं मिळून एक रक्कम सांगितली, त्यात काय आहे आणि काय नाही ते नव्हतं. तिघांची तुलनाच होईना. शेवटी मी स्वतः टेप घेऊन घर मोजलं, एकेका कामाची ओळ लिहिली आणि तोच कागद तिघांना भरायला दिला. तेव्हा कळलं, सगळ्यात स्वस्त वाटणाऱ्याने राडारोडा खाली उतरवून नेण्याचे पैसे धरलेच नव्हते, वॉटरप्रूफिंगही नाही. आमची इमारत बिनलिफ्टची आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पुढे दोनशेच्या वर गोण्या खाली गेल्या, त्या डोक्यावरून. दर ठरवताना ही ओळ नसती तर भांडण तिथेच उभं राहिलं असतं. बिल नको असेल तर अठरा टक्के जीएसटी वाचेल, असंही सुचवलं गेलं. आम्ही बिलच घेतलं. उद्या नळ गळला, प्लायला वाळवी लागली, तर हातात कागद हवा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले: थोडे आगाऊ, मग फोडाफोडी, प्लंबिंग, फरशी, सुतारकाम असे त्या त्या कामानंतर, आणि शेवटचे दहा टक्के सगळं तपासून झाल्यावर. हे दहा टक्के कुणी कितीही गोड बोललं तरी आधी देऊ नयेत.

माळा रिकामा करणं हे वेगळंच प्रकरण होतं. आई खाली खुर्चीवर बसायची आणि एकेक वस्तू तिच्यापुढे यायची. तांब्याचा बंब, दोन हंडे, पाटा-वरवंटा, माझ्या बाळंतपणातली खाट. काय ठेवायचं ते तिने ठरवायचं, असं मी आधीच कबूल केलं होतं. आठ दिवस गेले त्यात, पण ते वाया गेले असं मला वाटत नाही, कारण एका पत्र्याच्या पेटीत बाबांची फाइल सापडली: घराचा करारनामा, पावत्या, आणि मंजूर नकाशाची पिवळी पडलेली प्रत. त्या नकाशात खांब आणि तुळया दाखवलेल्या होत्या. संडास आणि बाथरूममधली चार इंची भिंत काढून दोन्ही एक करायचं आमच्या मनात होतं, वॉकर आत वळवता यावा म्हणून. ठेकेदार म्हणाला, "काही होत नाही ताई, पार्टिशन आहे." तरीही मी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी नकाशा पाहिला, भिंत ठोकून पाहिली, इमारत आरसीसी फ्रेमची, म्हणजे खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभी, आहे आणि ही भिंत भार घेत नाही, असं लेखी दिलं. शिवाय सांगून गेले की झिऱ्या मारताना खांबाला आणि तुळईला छिन्नी लावू द्यायची नाही. हे वाक्य मी खडूने खांबावरच लिहून ठेवलं. दोनदा उपयोगी पडलं.

तेच पत्र सोसायटीच्या अर्जाला जोडलं. अनामत भरली. कामाची वेळ सकाळी साडेनऊ ते सहा, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, रविवारी काम नाही, गोण्या पार्किंगमध्ये रात्रभर ठेवायच्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे मी पेढे घेऊन गेले आणि त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो त्यांच्यादेखतच काढले. तिथे आधीपासून एक जुना पिवळा डाग होता. तो आत्ताचा नाही हे दोघांनाही माहीत असावं, एवढाच हेतू. काकांनाही ते आवडलं. पुढे त्यांनी जी मदत केली तिची सुरुवात या फोटोंपासून झाली.

आईला साताऱ्याला मामाकडे पोहोचवलं. आम्ही जवळच एक खोली भाड्याने घेतली. घरात राहून काम करता येईल का, असं मला अनेकांनी नंतर विचारलं. एका खोलीचा रंग असेल तर जमेल. पाणी, वीज आणि संडास तिन्ही बंद असताना नाही जमत, आणि म्हातारं माणूस असेल तर प्रयत्नही करू नये. धूळ बंद कपाटात शिरते. मी कपाटांना प्लास्टिक लावून कडांना चिकटपट्टी मारली होती, तरी आतल्या साड्यांच्या घड्यांवर बारीक पांढरा थर बसलाच.

२० नोव्हेंबर २०२३ला, दिवाळी उरकल्यावर, पहिला घाव पडला. तो आवाज ऐकवत नाही. बाबांनी हौसेने निवडलेल्या मोझॅकच्या लाद्या तुकडे होऊन गोणीत जाताना पाहिल्या आणि मी जिन्यात जाऊन बसले. तीन दिवस फोडाफोडी चालली, आणि घराने बत्तीस वर्षांत काय काय पोटात ठेवलं होतं ते दिसायला लागलं. लोखंडी पाइप आतून गंजून इतके अरुंद झाले होते की करंगळी जाईना. गीझरला पाण्याचा जोर का नव्हता ते तेव्हा कळलं. स्वयंपाकघरातल्या दोन पॉइंटांना अर्थिंगची तारच नव्हती, तीन भोकांच्या सॉकेटचं वरचं भोक नुसतं दिखाव्याला. बाथरूमच्या फरशीखालचा ब्रिकबॅट कोबा उकरला तर विटांचे तुकडे ओले. वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं आणि काकांच्या छतावरच्या पिवळ्या डागाचं मूळ तिथे होतं. एका कोपऱ्यात स्लॅबची सळईही उघडी पडली होती. इंजिनिअर परत आले. गंज घासून काढणं, सळईला लेप, मग पॉलिमरचा माल भरणं, हे काम वाढलं. अंदाजपत्रकात वरखर्चासाठी मी दहा टक्के धरले होते. जुन्या घराला ते पुरत नाहीत. पंधरा ते वीस धरावेत, कारण फरशीखाली काय आहे हे फोडल्याशिवाय कुणालाच दिसत नाही.

आणि मग कमोड. मी तो आधीच घेऊन ठेवला होता, सवलत होती म्हणून. प्लंबर पन्नाशीचे, लातूरकडचे, बोलणं मोजकं. त्यांनी खोका उघडून भांडं उलटं केलं आणि म्हणाले, "ताई, हे परत द्या. हे एस ट्रॅप आहे."

मला काहीच कळेना. त्यांनी खडूने फरशीवर चित्र काढून दाखवलं. एस ट्रॅपच्या कमोडचं तोंड खाली जमिनीत उतरतं. त्याला फरशीखाली बेंड बसवायचा, तिथून चार इंची पाइप ढाळ देत भिंतीपर्यंत न्यायचा. एवढं सगळं फरशीखाली मावायला उंची लागते, आणि आमच्या संडासाच्या फरशीखालच्या खड्ड्यात ती पुरत नव्हती. म्हणजे पायरी पुन्हा आली असती, सहा नाही तर चार इंचांची. पी ट्रॅपच्या कमोडचं तोंड मागे, फरशीपासून साधारण सात इंचांवर असतं. ते सरळ मागच्या भिंतीतून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेत, काढता येतं, फरशीखाली मैल्याचा पाइपच लागत नाही. आमच्या संडासामागे डक्टच होता. "मग फरशी पॅसेजला लेव्हल येते," ते म्हणाले.

ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं काढलं होतं ती त्या खडूच्या चित्रावर येऊन ठेपली होती. दुकानदाराने भांडं परत घेतलं नाही, वीस टक्के कापून बदलून दिलं. डक्टमधला उभा पाइप सगळ्या मजल्यांचा सामाईक, त्याला नवी जोडणी द्यायला सोसायटीची वेगळी परवानगी लागली. डक्टमध्ये बांबूची परांची बांधावी लागली. दहा दिवस आणि बरेच पैसे त्यात गेले. पण फोडाफोडी होऊन प्लंबरने प्रत्यक्ष जागा पाहीपर्यंत भांडी, नळ, डायव्हर्टर यातलं काहीही विकत घेऊ नये, हे मी आता प्रत्येकाला कळकळीने सांगते.

दरवाजा बाहेर उघडेल असा फिरवला. आत कुणी पडलं आणि दाराला पाय लागले तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. ही गोष्ट मला आईच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितली. रुंदीही वाढवली, वॉकर सरळ आत जाईल इतकी.

पाइप टाकून झाले, रात्रभर दाब देऊन तपासले. प्लास्टर व्हायच्या आधी मी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढले: कोपऱ्यापासून इतक्या इंचांवर गरम पाण्याचा पाइप, इतक्यावर थंड, इतक्यावर तारा. उद्या कुठे खिळा ठोकायचा तर हे फोटो लागतात. आम्हाला पहिल्याच आठवड्यात लागले.

यानंतर आलं वॉटरप्रूफिंग, आणि या कामाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण ते झाल्यावर कायमचं झाकलं जातं. स्लॅब स्वच्छ धुतला, कोपऱ्यांना सिमेंटचा वाटा मारून गोलाई दिली, मग रसायनाचे दोन हात, भिंतीवर फूटभर वर चढवून, अंघोळीच्या बाजूला त्याहून उंच. वाळल्यावर नाहणी ट्रॅपची, म्हणजे फरशीतलं पाणी जायच्या जाळीखालच्या ट्रॅपची, तोंडं बंद केली आणि चार इंच पाणी भरून ठेवलं. बहात्तर तास ठेवायचं ठरलं होतं. पाण्याची पातळी मी भिंतीवर पेन्सिलने आखली. काका दर चार तासांनी विजेरी घेऊन आपल्या छताकडे पाहत होते, रात्रीसुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "ये जरा खाली." ट्रॅपच्या पाइपभोवती रुपयाएवढा ओला डाग होता. वर पाणी रेघेच्या खाली गेलं होतं.

ठेकेदाराचं म्हणणं, "एवढं तर येतंच ताई. वरून सिमेंटचा हात मारतो, कोबा आणि फरशी बसली की बंद होईल." संक्रांतीच्या आत घर द्यायचा शब्द त्याने दिला होता आणि त्याचे गवंडी दुसऱ्या कामावर जायचे होते. त्याची घाई मला समजत होती. पण गळणारं झाकलं की ते गळायचं थांबत नाही, ते फक्त दिसायचं थांबतं, आणि दिसतं तेव्हा दुसऱ्याच्या छतावर दिसतं. मी नाही म्हटलं. आवाज चढले. शेवटी प्लंबर मध्ये पडले. त्यांनी पाणी काढायला लावलं, ट्रॅपभोवतीचा माल उकरला. पाइप आणि स्लॅब यांच्यातली फट नीट भरलीच गेली नव्हती. ती आकुंचन न पावणाऱ्या मालाने भरली, वर जाळी आणि पुन्हा दोन हात. परत पाणी भरलं. या वेळी पूर्ण तीन दिवस पातळी रेघेवर राहिली आणि छत कोरडं. आठ दिवस गेले. खर्च निम्मा ठेकेदाराने सोसला. तीन दिवसांची ही चाचणी करारात लिहून घेतली होती म्हणूनच ते शक्य झालं.

वायरिंग त्या मानाने सुरळीत झालं. सामान तपकीर गल्लीतून, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणलं. गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची तार, सगळीकडे अर्थिंग, आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी. आईसाठी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. तिच्या उशाशी बाथरूमच्या दिव्याचं बटण, जे दाराशीही चालतं. पॅसेजमध्ये जमिनीपासून फूटभर उंचीवर मंद दिवा. आणि कमोडजवळ आमच्या खोलीत वाजणारी घंटी.

सुतार राजस्थानचे, रंधा फिरवताना पाहत राहावं असं काम, पण घरच्या लग्नासाठी गावी गेले ते वीस दिवस आले नाहीत. लग्नसराई, होळी, छठ, सुगी, या तारखा करार करण्यापूर्वी कामगारांना विचारून घ्याव्यात. त्यांनाही घर आहे. आम्ही तेवढे दिवस वेळापत्रकातच धरले असते तर रोज फोन करून त्यांचा आणि आमचा जीव खाल्ला नसता.

ओट्याच्या उंचीवरून घरात मतभेद झाले. हल्ली चौतीस इंच ठेवतात. आई चार फूट दहा इंच. "मी आता कुठे स्वयंपाक करते," ती फोनवर म्हणाली, पण सकाळचा चहा तिला स्वतःचा स्वतः करायचा असतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून ओटा चौतीसचा केला आणि खिडकीशी दोन फुटांचा तुकडा एकोणतीस इंचांवर उतरवला, खाली कपाट न करता, म्हणजे स्टूल आत सरकतं. ग्रॅनाइटवाल्याला ते पटेना, सांधा दिसेल म्हणाला. सांधा दिसतोच. तिथे बसून आई रोज चहा करते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फरशी लागली. बाथरूमला खरखरीत, ओली झाली तरी पाय धरणारी. दारात ढाळाचा प्रश्न होताच: अगदी सपाट ठेवलं तर पाणी पॅसेजमध्ये येणार. अर्धा इंच उतार ठेवून ग्रॅनाइटची कड तिरकी घासून घेतली. गवंड्याने पाच-सहा वेळा बादलीभर पाणी ओतून दाखवलं. सगळं पाणी ट्रॅपकडे वळलं, एकही ओघळ बाहेर आला नाही. तो तरुण मुलगा त्या पाण्याकडे माझ्याइतक्याच समाधानाने पाहत होता.

आधाराचे स्टीलचे दांडे बसवायला आईलाच बोलावलं. प्लंबरनी आधी उंचीचा आकडा सांगितला होता, पण फिजिओ बाई म्हणाल्या, माणूस मोजा. मग आई कमोडवर बसली, उठताना तिचा हात जिथे आपसूक गेला तिथे पेन्सिलने खूण केली. असं तीन वेळा केलं. खूण पुस्तकी आकड्यापेक्षा दीड इंच खाली आली.

शेवटचा आठवडा तपासणीचा. नाणं घेऊन एकेक फरशी वाजवली. पोकळ वाजणाऱ्या सात निघाल्या, बदलून घेतल्या. प्रत्येक ड्रॉवर, प्रत्येक बटण, प्रत्येक नळाखाली कोरडा कागद ठेवून सकाळी पाहणं. यादी एकोणतीस गोष्टींची झाली. उरलेले दहा टक्के २६ फेब्रुवारीला दिले. ४५ दिवसांच्या कामाला ९८ दिवस लागले. सात लाख ऐंशी हजारांचा अंदाज दहा लाखांच्या पुढे गेला. वाढलेल्या पैशांतला जवळजवळ सगळा भाग पाइप, डक्ट, स्लॅब आणि तारांत गेला. घरी येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. खालचे काका मात्र छत रंगवून घेऊन मोकळे झाले.

आई मार्चच्या पहिल्या रविवारी परत आली. आधी देव्हाऱ्यापुढे हात जोडले, मग काठी टेकत पॅसेजमधून बाथरूमच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. दांड्यांच्या वेळी ती एकदा येऊन गेली होती, तरी सवयीने उजवा पाय उचलला गेला, पायरी चढायला. खाली काहीच नव्हतं. तिने पाय हळूच टेकला, पुन्हा उचलून पुन्हा टेकला. "गेली की गं पायरी," म्हणाली.

त्या रात्री मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. तीनच्या सुमारास मला जाग आली. पॅसेजमध्ये काठीचा आवाज, बाथरूमचा दिवा, नळ, पुन्हा काठी. मी उठले नाही. पडल्या पडल्या नुसतं ऐकत राहिले, तिच्या पलंगाची करकर होईपर्यंत.

सकाळी तांब्या रिकामा होता.